नाशिकमध्ये एअर पिस्तूल नेमबाजीची सुरुवात : आधी पिस्तूल घ्यावे की आधी शिकावे?

अंबडचा_तपासनीस | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. वय ४१ पूर्ण, चष्मा आहे, आणि शाळेतल्या खो-खोनंतर कोणत्याही खेळाशी माझा संबंध राहिलेला नाही. गेल्या महिन्यात मुलीला उन्हाळी शिबिरासाठी गंगापूर रोड परिसरातील एका नेमबाजी केंद्रावर सोडायला जात होतो. शेवटच्या दिवशी तेथील सरांनी पालकांनाही पाच-पाच छर्रे मारू दिले. माझे पहिले चार छर्रे पुठ्ठ्यावर कोठेच सापडले नाहीत आणि पाचवा नेमका नऊच्या वर्तुळात बसला. शिबिर संपल्यावर मुलगी पुन्हा चित्रकलेच्या वहीकडे वळली. मी मात्र अजून त्या पाचव्या छर्र्यातच अडकलो आहे.

मला १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात रीतसर शिकून निदान जिल्हा स्पर्धेत उतरायचे आहे. एका विक्रेत्याने मला असे सांगितले की स्वतःचे पिस्तूल असल्याशिवाय या खेळात प्रगती होत नाही, आणि पावणेदोन लाखांचे दरपत्रक हातात ठेवले. ते दरपत्रक सध्या आमच्या फ्रिजवर लावलेले असून त्याच्याखाली पत्नीने पेन्सिलीने 'स्वयंपाकघराची फरशी' असे लिहिले आहे. तेव्हा अनुभवी मंडळींनी सांगावे : आधी पिस्तूल घ्यावे की आधी शिकावे? परवाना लागतो का? आणि हे वय या खेळासाठी फार झाले का?

देवळालीचा_तोफची | ८ जून, रात्री १०:१५

परवान्याचे आधी सांगतो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. ४.५ मिलिमीटर म्हणजेच .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र घेतो, आणि घेतलाच पाहिजे.

पिस्तुलाचे म्हणाल तर चार महिने काहीही घेऊ नका. मी तोफखान्यात बावीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर या खेळात आलो. आपल्याला नेम म्हणजे काय ते कळते, अशी माझी समजूत होती. केंद्रावरच्या तेरा वर्षांच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात ती दूर केली.

चिवडा_आणि_चहा | ८ जून, रात्री १०:३१

पहिल्या चार छर्र्यांचा पत्ता त्या केंद्राच्या भिंतीला विचारावा, असे सुचवतो.

गोदातीरी | ९ जून, सकाळी ७:०५

मी सहा वर्षांपासून एअर पिस्तूल खेळते आणि दोन वेळा राज्य स्पर्धेत उतरले आहे. तपासनीस दादा, तुम्ही रोज व्हर्नियर हाताळत असाल, म्हणून तुम्हाला हे गणिताने सांगते. मला हे गणित कोणी पहिल्या दिवशी सांगितले असते तर माझे एक वर्ष वाचले असते.

पिस्तुलाच्या मागच्या साइटला एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी पुढची साइट असते. या दोघींमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. आता दोन प्रकारच्या चुका होतात. पहिल्या प्रकारात दोन्ही साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या असतात, पण हात डुलत असल्यामुळे संपूर्ण पिस्तूल तीन मिलिमीटर डावीकडे सरकते. तेव्हा छर्राही पुठ्ठ्यावर तीनच मिलिमीटर डावीकडे लागतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि छर्र्याची कड वर्तुळाच्या रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे तो छर्रा दहातच राहतो. दुसऱ्या प्रकारात हात स्थिर असतो, पण ट्रिगर दाबताना मनगट किंचित ढिले पडते आणि पुढची साइट खाचेत केवळ एक मिलिमीटर खाली उतरते. हा कोनातला फरक असल्यामुळे १० मीटरवर तो सुमारे तीसपट होतो आणि छर्रा केंद्रापासून तीन सेंटिमीटर खाली, म्हणजे सातच्या वर्तुळात जातो.

म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवायची असते. काळा गोल धूसर दिसला तरी चालतो, किंबहुना तो धूसरच दिसला पाहिजे. नवखा माणूस गोलाकडे पाहतो आणि हात का डुलतो म्हणून दुःखी होतो. हात सगळ्यांचा डुलतो, ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्यांचाही. ते डुलणे चालू असतानाच, साइट न हलवता, ट्रिगरवरचा दाब एकसारखा वाढवत नेणे हे या खेळातले मुख्य काम आहे, आणि ते शिकण्यासाठी पावणेदोन लाखांचे पिस्तूल लागत नाही.

अंबडचा_तपासनीस | ९ जून, दुपारी १:२०

गोदातीरी ताई, जेवणाच्या सुट्टीत मी हे गणित कागदावर करून पाहिले आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही समजावले. त्याने 'मग तुझे पहिले चार किती मिलिमीटर चुकले होते' असे विचारले. पुठ्ठ्याची बाजू १७ सेंटिमीटर आहे, त्यामुळे निदान साडेआठ सेंटिमीटर, असे उत्तर निघाले. ट्रिगर इतका हलका असतो की तो मला कळायच्या आत सुटला होता.

देवळालीचा_तोफची | ९ जून, दुपारी ३:४८

हलका म्हणजे अर्धा किलो. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन किमान ५०० ग्रॅम हवे. स्पर्धेआधी पिस्तूल उभे धरून ट्रिगरला तेवढे वजन टांगतात आणि ट्रिगर न सुटता ते उचलले जाते का हे पाहतात. संपूर्ण पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत असावे लागते. बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. घरी पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली हात ताणून खांद्याच्या उंचीवर धरा आणि घड्याळ लावा. पुढची चर्चा त्यानंतर करू.

चिवडा_आणि_चहा | ९ जून, रात्री ८:५५

बाटलीचा प्रयोग केला. विसाव्या सेकंदाला आईने 'तहान लागली असेल तर पी की' असे म्हटले.

डावखुरी_पंचवटीकर | ९ जून, रात्री ११:१०

वरच्या सर्वांचा मान राखून मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. 'आधी केंद्राचे पिस्तूल वापरा' हा सल्ला उजव्या हाताच्या, मध्यम पंजाच्या माणसासाठी ठीक आहे. मी डावखुरी आहे. ज्या केंद्रावर मी सुरुवात केली तेथे तीन पिस्तुले होती आणि तिन्हींच्या लाकडी मुठी उजव्या हाताच्या होत्या. मला सांगण्यात आले की सहा महिने उजव्या हाताने खेळा, पुढे पाहू. माझा डोळाही डावाच प्रबळ असल्याने मी मान वाकडी करून नेम धरत असे. त्या सहा महिन्यांत लागलेल्या सवयी मोडायला मला पुढे वर्षभर लागले.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ ही बुटासारखी असते. ती ज्याच्या त्याच्या पंज्याला बसावी लागते. ढिली मूठ घट्ट पकडण्याच्या नादात बोटे आवळली जातात आणि मग गोदातीरी ताईंनी सांगितलेली दुसऱ्या प्रकारची चूक प्रत्येक छर्र्याला होते. त्यामुळे माझे म्हणणे असे की पिस्तूल लगेच घेऊ नका, परंतु केंद्र निवडताना तेथे आपल्या मापाची मूठ आहे का हे शुल्क भरण्यापूर्वी पाहा. उजव्या हाताची मध्यम आणि लहान अशा दोन मुठी आणि एक तरी डावी मूठ नसेल, तर ते केंद्र नवख्यांसाठी नाही.

गोदातीरी | १० जून, सकाळी ६:५०

डावखुरी ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माझ्या प्रतिसादात ते राहून गेले होते. प्रबळ डोळा कोणता हे घरीच पाहता येते : दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये छोटी खिडकी करावी, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि एकेक डोळा मिटावा. जो डोळा मिटल्यावर घड्याळ नाहीसे होते तो प्रबळ. हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा असेल, तर ते पहिल्याच दिवशी सरांना सांगावे.

देवळालीचा_तोफची | १० जून, सकाळी ९:३०

हंगेरीच्या कारोली टाकाच यांची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा, म्हणजे नेमाचा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा मुळापासून सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके मिळवली.

डावखुरी_पंचवटीकर | १० जून, सकाळी ९:४४

काका, त्यांना डावी मूठ कोणीतरी दिली होती, एवढेच मी नम्रपणे निदर्शनास आणून देते.

सिडको_६व्या_योजनेतला | १० जून, रात्री ९:१५

एवढा विचार कशाला करायचा हे मला समजत नाही. मी साधी स्प्रिंगची एअर गन घेतली, गच्चीवर पाण्याच्या टाकीला पुठ्ठा टेकवला आणि दर रविवारी सराव करतो. केंद्राचे शुल्क वाचते.

गोदातीरी | १० जून, रात्री ९:२२

हे कृपया आजच बंद करावे. छर्रा कडक पृष्ठभागावरून उलटून येतो आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालायला कोण कधी येईल हे आपल्या हातात नाही. सरावाच्या जागी छर्रे अडवणारी पोलादी पेटी, तिच्यामागे भक्कम भिंत आणि बाजूने कोणालाही शिरता येणार नाही अशी रचना लागते. पिस्तुलाचे तोंड कायम पुठ्ठ्याच्या दिशेने, बोट नेम धरेपर्यंत ट्रिगरबाहेर, आणि पिस्तूल खाली ठेवलेले असताना नळीत सुरक्षा-दोरी (नळीत छर्रा नाही हे दाखवणारी), या तीन गोष्टींवर कोणत्याही केंद्रावर सूट मिळत नाही. स्पर्धेत तर सुरक्षेचा भंग झाल्यास पंच सरळ बाहेर काढतात.

सिडको_६व्या_योजनेतला | १० जून, रात्री ९:५०

टाकीला एक बारीक गळती लागली आहे खरी. सोसायटीच्या सचिवांना ती उन्हामुळे लागली असे वाटते. सराव थांबवतो.

काच_आणि_नंबर | ११ जून, दुपारी १२:०५

मी दृष्टितपासणीचे काम करतो आणि माझ्याकडे दोन-तीन नेमबाज नियमित येतात, म्हणून चष्म्याविषयी लिहितो. चाळिशीत डोळ्याचे भिंग जवळच्या वस्तूवर पूर्वीसारखे स्थिरावत नाही. पिस्तूल नेमबाजाला हातभर लांब असलेली पुढची साइट स्पष्ट दिसणे आवश्यक असते. ते अंतर वाचनाचेही नाही आणि दूरचेही नाही. त्यामुळे दूरच्या नंबरात थोडी धन (प्लस) भर घालून, बहुतेकांना अर्धा ते पाऊण नंबर, नेमाच्या डोळ्यासाठी वेगळी काच करावी लागते. प्रोग्रेसिव्ह काचेने नेम धरू नका. मान जराशी हलली की नंबर बदलतो. दुसरा डोळा घट्ट मिटण्याऐवजी त्याच्यापुढे धूसर पट्टी लावावी, कारण एक डोळा आवळून मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. नियमाप्रमाणे अशी पुढची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. तपासणीला येताना साइटपर्यंतचे अंतर दोरीने मोजून आणा. पिस्तूल आणू नका, बाकीचे रुग्ण घाबरतात.

शाळेतला_मास्तर | ११ जून, सायंकाळी ६:३०

वयाच्या प्रश्नाकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवणारे तुर्कस्तानचे युसुफ डिकेच ५१ वर्षांचे होते. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी दक्षिण कोरियाच्या जोडीला १६-१० असे हरवून आपल्याला कांस्यपदक मिळवून दिले, आणि मनूचे वय तेव्हा २२ होते. दुसऱ्या कोणत्या खेळात असे चित्र दिसते? एक हात खिशात घालून सहज नेम धरणारे डिकेच पाहून तर असे वाटले की हा खेळ साधनांचा नाहीच.

देवळालीचा_तोफची | ११ जून, सायंकाळी ७:१०

मास्तर, खिशातल्या हाताचे कौतुक जगभर झाले, पण मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवणे ही बहुतेक पिस्तूल नेमबाजांची पद्धत आहे. तो हात लोंबकळत राहिला तर शरीर डोलते. त्यांनी खास चष्मा वापरला नाही एवढे खरे. पिस्तूल मात्र स्पर्धेचेच होते आणि अनुभव कित्येक वर्षांचा. चेहऱ्यावरची सहजता पाहून सराव कमी करावा असा निष्कर्ष कोणी काढू नये.

मखमलाबादचे_पालक | १२ जून, सकाळी १०:४०

माझा मुलगा तीन वर्षांपासून खेळतो, म्हणून स्पर्धांच्या पायऱ्यांविषयी आणि खर्चाविषयी सांगतो. जिल्हा, मग राज्य, त्यापुढे मावळंकर स्पर्धा आणि नंतर राष्ट्रीय, असा साधारण क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपली कॅप्टन इझिकेल स्मृती राज्य स्पर्धा मुंबईत वरळीला होत आली आहे, त्यामुळे आम्ही पहाटे नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडतो, दादरला उतरतो आणि टॅक्सीने जातो. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, ओळखपत्रे पेटीतच. एकदा तिकीट तपासनिसांनी पेटी कसली म्हणून विचारले आणि मुलाने प्रामाणिकपणे 'पिस्तूल' असे उत्तर दिले. कसाऱ्यापर्यंत मी स्पष्टीकरणच देत होतो.

खर्चाचा विचार करताना लोक पिस्तुलापाशी थांबतात, तर खरा खर्च छर्र्यांचा असतो. डब्यात ५०० छर्रे येतात. दिवसाला सत्तर आणि आठवड्याला पाच दिवस धरले तर डबा दहा दिवसांत संपतो. पहिल्या वर्षी चांगल्या छर्र्यांसाठी पैसे राखा. आमच्याकडून एका प्रशिक्षकांनी पहिल्याच महिन्यात महागडे जाकीट-बूट घ्यायला लावले; पिस्तूल प्रकारात ते जाकीट चालतच नाही, ते रायफलवाल्यांचे असते, हे आम्हाला स्पर्धेच्या साहित्य तपासणीत कळले. घोट्याचे हाड झाकणारे बूटही चालत नाहीत. साधे सपाट बूट पुरतात.

शाळेतला_मास्तर | १२ जून, सकाळी ११:१५

मावळंकर म्हणजे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर का?

मखमलाबादचे_पालक | १२ जून, सकाळी ११:५२

होय, तेच. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. सभागृह शांत ठेवणाऱ्या माणसाला नेमबाजी आवडावी यात नवल नाही.

चिवडा_आणि_चहा | १२ जून, दुपारी २:०५

सध्याच्या अध्यक्षांना तोफच लागेल.

डावखुरी_पंचवटीकर | १२ जून, रात्री १०:००

विषयाकडे येते. तपासनीस दादा, पुढे कधी जुने पिस्तूल घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी पाहा. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनी त्याची मुदत संपते आणि मुदतबाह्य सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभे राहता येत नाही. त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा असते, त्यामुळे हा केवळ नियमाचा प्रश्न नाही. दुसरे, मूठ आधीच्या मालकाने किती तासून ठेवली आहे. तिसरे, ट्रिगर यांत्रिक आहे की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार मऊ सुटतो, पण बिघडला तर नाशिकमध्ये दुरुस्त कोण करणार? टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. मी यांत्रिकच घेतले.

गोदातीरी | १३ जून, सकाळी ७:१५

एक शेवटची गोष्ट. रोज वीस मिनिटे छर्र्याविना सराव करा, ज्याला आम्ही 'ड्राय' म्हणतो : पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून फक्त साइट पाहायची आणि ट्रिगर दाबायचा. स्पर्धेच्या पिस्तुलांत त्यासाठी सोय असते. स्प्रिंगच्या बंदुकीने मात्र असे करू नये, तिचे आतले भाग खराब होतात. आणि हात वर नेऊन नेमापर्यंत खाली आणल्यावर सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर पिस्तूल खाली ठेवा. नवख्याला हेच सर्वांत जड जाते, कारण इतका वेळ धरले आहे तर मारूनच टाकू, असे वाटते. माझे बहुतेक सात आणि सहा त्या 'मारूनच टाकू'चे आहेत. सरावानंतर खाण्याआधी साबणाने हात धुवा. छर्रे शिशाचे असतात.

अंबडचा_तपासनीस | ११ जानेवारी, रात्री ८:३०

सात महिन्यांनी धागा वर काढतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपल्या सल्ल्याप्रमाणे पिस्तूल घेतले नाही. तीन केंद्रे पाहिली, मुठी हातात घेऊन पाहिल्या आणि ज्या केंद्रावर मूठ बसली तेथे जूनपासून आठवड्याला चार दिवस जातो. पहिला महिनाभर सरांनी पुठ्ठाच लावू दिला नाही. कोऱ्या कागदावर मारायचे आणि छिद्रे किती जवळ आली ते पाहायचे. व्हर्नियर घेऊन गेलो तेव्हा सर हसले, पण नंतर त्यांनी तो इतर मुलांसाठीही वापरला. काच_आणि_नंबर यांच्या सांगण्याप्रमाणे दोरी मोजून नवीन काच केली. डिसेंबरच्या थंडीत बोटे बधिर होतात आणि ट्रिगर कळत नाही, हे येथे कोणी सांगितले नव्हते. आता खिशात गरम पाण्याची छोटी बाटली ठेवतो.

गेल्या आठवड्यात पहिली स्पर्धा झाली. तयारी आणि चाचणीच्या छर्र्यांसाठी पंधरा मिनिटे, त्यानंतर साठ छर्रे. पहिल्या दहांत ७९ आले, कारण छातीतली धडधड साइटमध्ये दिसत होती. तिसऱ्या दहांत ८८. पुढे एकेचाळिसावा छर्रा इतका सुरेख सुटला की सुटतानाच दहा असल्याचे कळले. दुर्बिणीतून पाहिले तर माझा पुठ्ठा कोरा होता. मी शेजारच्या लेनच्या पुठ्ठ्यावर मारले होते. त्याच पुठ्ठ्यावर त्या लेनमधल्या मुलाचा आठही होता. पंचांनी माझा शून्य धरला आणि कोणते छिद्र कोणाचे हे ठरवता येईना, तेव्हा नियमाप्रमाणे दोन्हींतला वरचा गुण त्याला दिला. एकूण ४९३.

चिवडा_आणि_चहा | ११ जानेवारी, रात्री ८:४१

म्हणजे पहिले चार छर्रे कोठे गेले होते याचा उलगडा झाला.

देवळालीचा_तोफची | ११ जानेवारी, रात्री ९:०५

पहिल्या स्पर्धेत ४९३ म्हणजे उत्तम, आणि तेही शून्यासह. माझे पहिल्या स्पर्धेत ४६१ होते, ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. यापुढे हात खाली आणण्यापूर्वी आपल्या लेनचा आकडा मनात वाचत जा.

डावखुरी_पंचवटीकर | ११ जानेवारी, रात्री ९:३०

अभिनंदन. आता पिस्तूल घेणार का?

अंबडचा_तपासनीस | ११ जानेवारी, रात्री ९:५२

स्वयंपाकघराची फरशी दिवाळीत झाली, त्यामुळे फ्रिजवरचे दरपत्रक आता एकटेच आहे. केंद्रावरचे एक काका त्यांचे जुने पिस्तूल विकत आहेत. यांत्रिक ट्रिगर, मूठ माझ्या पंज्याला जवळजवळ बसते. सिलिंडरवर २०१८ कोरले आहे.

डावखुरी_पंचवटीकर | ११ जानेवारी, रात्री ९:५८

महिना कोणता?

अंबडचा_तपासनीस | ११ जानेवारी, रात्री १०:०३

महिना पाहिला नाही. उद्या भिंग घेऊन जातो.